तांडेलकाका आणि बावीस पानं

टाकीत पाणी भरलं, पंपाने दाब चढवला आणि वहीत वेळ लिहिली, की शांताराम तांडेल पुढचा तासभर कोणाचेच नसायचे. उलट्या ड्रमवर बसायचे आणि गेजच्या काट्याकडे बघत राहायचे. दुबईत अल क्वोजमधल्या आमच्या शेडचा पत्रा जुलैत असा तापायचा की खाली उभं राहिलं तरी डोकं भणभणायचं. मॅनेजर येऊन उभा राहिला, तरी हे उठायचे नाहीत. काटा जागचा हलला नाही तर टाकी पास. केसाएवढा उतरला तरी नापास. मग गळती कुठे आहे ते शोधा, वेल्डिंग उकरा, पुन्हा भरा, पुन्हा बसा.

आमची कंपनी डिझेल आणि पाणी साठवायच्या लोखंडी टाक्या बनवायची. तांडेलकाका तिथे टेस्टिंगला होते आणि त्यांच्या टेस्टची सर्टिफिकेटं टाइप करायला मी होते. मी इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर, आई अंगठा लावणारी. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली पहिली मीच, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. लग्न करून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दुबईला आले, दोन महिन्यांत नोकरी धरली. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर म्हणाला, उद्या एक टाकी साइटवर जाणार आहे, सर्टिफिकेट आजच तयार ठेव. मी ठेवलं. चार प्रती, स्वच्छ, एकही चूक नाही. काकांच्या टेबलावर सहीला नेऊन दिली.

काकांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ही टाकी टेस्ट कधी झाली?"

"उद्या सकाळी होणार आहे ना."

"मग आज बारसं कसं केलंत? बाळंतपण व्हायचंय अजून."

शेजारी फोरमन बशीर उभा होता, केरळचा. त्याला मराठी येत नव्हतं, पण माझं तोंड बघून तो हसला. मी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी काका तासभर बसले, टाकी पास झाली, माझ्या टाइप केलेल्या कागदात एक अक्षरही बदलावं लागलं नाही. तरी त्यांनी त्या चारही प्रती फाडल्या आणि म्हणाले, "आता नव्याने मारा." मला त्या दिवशी हा माणूस अतिशय खवट वाटला होता. खवट ते होतेच.

मूळचे हर्णैचे. बाप बोटीवर, आजा बोटीवर. हे एकटेच दहावी होऊन आयटीआयला गेले आणि लोखंडात शिरले. बायको सुलभाकाकू आणि मुलगी मंगल तिकडे गावी. हे इथे कंपनीच्या कॅम्पवर, सहा जणांच्या खोलीत, वीस वर्षं. शुक्रवारी सकाळी देऱ्याच्या मासळी बाजारात जायचे. घ्यायचे थोडंच, पण फिरायचे सगळीकडे. हमूर हा तिकडचा मानाचा मासा त्यांना मुळीच आवडायचा नाही. "त्याला चव नाही गो, नुसता भाव आहे," म्हणायचे. सुरमईला तिथे कनद म्हणतात, याचाही त्यांना राग होता. बारा दिरहम किलो म्हणजे दीडशे रुपये, असा हिशेब मोठ्याने करून दुकानदाराला ऐकवायचे. तो बिचारा इराणी, त्याला काय कळणार.

त्यांची खरी खोड मात्र वाचायची. पुस्तकं नाहीत. कागद. विमानाच्या तिकिटामागचा बारीक मजकूर, औषधाच्या डबीतली घडीची चिठ्ठी, पगाराच्या पाकिटावरच्या सूचना. कॅम्पवरची मुलं एजंटने दिलेले करार घेऊन त्यांच्याकडे यायची. त्यांना फक्त पगार किती आणि सुट्टी कधी, एवढंच हवं असायचं. काका पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. पोरं कंटाळायची. "काका, मधलं राहू द्या ना."

"मधलंच असतं सगळं," काका म्हणायचे, आणि बोट ठेवून पुढे वाचायचे.

असा माणूस एका कागदाने फसला. तो कागद होता व्हिसाच्या मेडिकलचा. तेव्हा व्हिसा नवा करायचा म्हणजे रक्त द्यायचं, छातीचा फोटो काढायचा आणि फिटचा शिक्का घ्यायचा. काकांना तेव्हा वर्षभर पोटाची तक्रार होती. शौचावाटे रक्त जायचं. बशीरने दोनदा सांगितलं, "भाई, डॉक्टर को दिखाओ." काकांनी मूळव्याध ठरवून टाकली होती, तिखट सोडलं, इसबगोल सुरू केलं. मेडिकल झालं. फिट. काका खूश होऊन म्हणाले, "सरकारने तपासलाय मला. शिक्का आहे."

पुढच्या हिवाळ्यात ते शेडमध्येच पोट धरून खाली बसले. ऑपरेशन झालं तेव्हा आतड्यातली गाठ मोठी झाली होती आणि लिव्हरवर तिची पिल्लं निघाली होती.

मी हॉस्पिटलात भेटायला गेले. बरोबर माझे मिस्टर होते. काका भिंतीला टेकून बसले होते, हातात सलाईन. मला म्हणाले, "बाय, ते रक्त तपासतात ना व्हिसाला, ते दोन-तीन साथीच्या आजारांसाठी. छातीचा फोटो टीबीसाठी. पोटाकडे कोणी बघतच नाही. मी विचारलं नाही, काय तपासलंत म्हणून. आमच्या धंद्यात हा पहिला प्रश्न."

तोवर ते मला मॅडम म्हणायचे. बाय म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग केमो सुरू झाली. दर काही आठवड्यांनी दोन-तीन दिवस हॉस्पिटल, मग कॅम्पवर पडून राहायचं, मग उठून कामावर. तोंडात फोड, हातापायांना आग. मॅनेजर वाईट नव्हता, हलकं काम देतो म्हणाला. काकांना हलकं काम म्हणजे काय तेच कळेना. ड्रमवर बसायला काय ताकद लागते, म्हणायचे. लागते. मी बघितलंय. उठताना ते टाकीला हात लावून उठायचे.

सहा महिन्यांनी स्कॅन झाला. लिव्हरवरच्या गाठी वाढल्या होत्या. त्यांची डॉक्टर एक इराकी बाई होती, साठीची, फार शांत बोलायची. तिने काकांना आणि मला बसवलं आणि सांगितलं, हे औषध आता काम करत नाही. दुसरं देता येईल, पण त्याचाही फार भरवसा देत नाही. तिसरा एक रस्ता आहे. मुंबईत एका हॉस्पिटलात एका लसीची चाचणी चालू आहे. शरीरातल्या पहारेकरी पेशींना गाठ ओळखायला शिकवायची, म्हणजे त्याच तिच्यावर तुटून पडतील, अशी कल्पना. इम्युनोथेरपी म्हणतात. इथे असलं काही नाही. तुमचा देश आहे, तुमची भाषा आहे. विचार करा. आणि तिने बावीस पानांचं संमतिपत्र हातात ठेवलं.

इंग्रजीत होतं. काकांना टाक्यांचं इंग्रजी येत होतं, याचं नाही. म्हणाले, "बाय, तू बी.कॉम. आहेस. हे मराठीत करून दे. सुलभाला पण कळायला हवं."

बी.कॉम.चा आणि याचा काय संबंध! पण मी डिक्शनरी आणली आणि रोज ऑफिस सुटल्यावर तासभर बसले. मी वाचायची, अर्थ सांगायची, मग लिहायची. ते पेन्सिलने समासात आकडे टाकायचे. प्रत्येक आकडा म्हणजे एक प्रश्न. एकतीस प्रश्न झाले. डॉक्टरबाईंनी एका सकाळी बाहेरची रांग थांबवून त्यातल्या सव्वीसांची उत्तरं दिली. उरलेल्या पाचांना म्हणाल्या, "मिस्टर तांडेल, हे कोणालाच माहीत नाही. म्हणून तर चाचणी."

सातव्या पानावर होतं की निम्म्या लोकांना लस अधिक औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं औषध. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरच्या हातात नाही, पेशंटच्या हातात नाही. मी हे वाचलं आणि थांबले. मला वाटलं काका चिडतील.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नाहीतर लसीने झालं की औषधाने, कळणार कसं? टेस्ट माझी नाहीये गो ही. लसीची आहे."

"म्हणजे तुम्ही टाकी."

"छे. टाकी ती लस. मी पाणी. टाकी टिकते की नाही ते बघायला पाणी भरतात. टेस्ट झाली की सोडून देतात."

एवढं बोलून ते बोट ठेवून पुढच्या ओळीवर गेले.

कॅम्पवर प्रत्येकाचं मत होतं. कोणी म्हणे उंदीर बनवतील तुम्हाला. कोणी म्हणे अजमानला एक हकीम आहे. बशीर म्हणाला, "भाई, जाओ. इधर क्या रखा है." सुलभाकाकूंनी फोनवर एवढंच विचारलं, "म्हणजे घरी येणार ना?" काका म्हणाले, "मुंबईला येणार. आठ महिने दादरला मंगलच्या मावशीकडे राहायचं." फोनकार्डावरची मिनिटं जात होती. मग काकू म्हणाल्या, "दादर दुबईपेक्षा जवळच आहे म्हणायचं."

चाचणीच्या या आठ महिन्यांत मोठी मेख होती. सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं की दुबईचा व्हिसा आपोआप रद्द. व्हिसा गेला की नोकरी गेली, हेल्थ कार्ड गेलं. परत यायचं दार बंद. मी स्पष्ट विचारलं, "काका, त्यात सहा वेळा लिहिलंय, फायदा होईलच असं नाही. मग कशाला?"

"सात वेळा," ते म्हणाले. "मोजलंय मी." मग म्हणाले, "तिथे दर आठवड्याला कोणीतरी बघणार आहे, लिहून ठेवणार आहे. इथे आता काय, गोळ्या देतील आणि इन्शाल्ला म्हणतील. आणि खरं सांगू का? मला जगायचंय गो. पन्नाशी काय मरायचं वय आहे?"

त्यांच्या तोंडून असलं काही मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

ठरलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट मुंबईला फॅक्स केले. उत्तर आलं: चाचणीच्या अटींत बसतात, महिनाअखेरपर्यंत पाठवा, रक्ताचा रिपोर्ट चौदा दिवसांच्या आतला हवा. मॅनेजरने तिजोरीतून पासपोर्ट काढून दिला आणि म्हणाला, "यल्ला तांडेल, गो." तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं.

आणि तेव्हा शेडमध्ये सहा टाक्या उभ्या होत्या. डिझेलच्या, रास अल खोरला एका लेबर कॅम्पच्या जनरेटरसाठी. बाहेरून इन्स्पेक्टर यायचा होता, तो ईदनंतर. साइटवाले मात्र रोज फोन करत होते. मी सर्टिफिकेटं टाइप करणारी बाई. मला माहीत होतं काय होणार ते. ड्रमवर कोणीही बसणार नाही आणि कोणीतरी सही करेल. काकांनाही माहीत होतं.

"सहा झाल्या की जातो," ते म्हणाले.

"काका, टाक्या थांबतील."

"टाक्या थांबतात. मॅनेजर थांबत नाही. शंभर माणसं झोपणार त्या डिझेलशेजारी."

"आणि तुम्ही?"

"बारा दिवसांचं काम आहे. महिनाअखेर लांब आहे."

हा मूर्खपणा होता. मी तेव्हा त्यांच्या तोंडावर म्हणाले आणि आजही म्हणते. शंभर माणसांची काळजी करायला त्यांच्या कंपन्या होत्या, मॅनेजर होते, सरकार होतं. काकांची काळजी करायला कॉम्प्युटरची एक चिठ्ठी होती, आणि तीही अजून निघायची होती. पण त्यांना सांगणार कोण! पाचवी टाकी गळली. वेल्डिंग उकरलं, वेल्डर तापाने आजारी पडला, दुसरा मिळेपर्यंत आठवडा गेला. बारा दिवसांचे बावीस झाले.

सहावी टाकी पास झाली त्या दुपारी काका शेडमधून उन्हात आले. बशीर त्यांच्याशी हात मिळवायला पुढे झाला आणि तसाच उभा राहिला.

"भाई," तो म्हणाला, "आँख पीला है."

मी जवळ गेले. हळद लावल्यासारखे होते डोळे. रोज दिसत होता माणूस, शेडच्या अंधारात कोणालाच कळलं नव्हतं.

ऑफिसात आलो. कोणी बसेना. बशीरने फाइल उघडली, जुना रक्ताचा रिपोर्ट काढला, महिन्यापूर्वीचा, सगळं ठीक असलेला. माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, ये भेज दो. फॅक्स में डेट किधर साफ दिखता है?"

मी पाठवला असता. खोटं कशाला बोलू. कागद मशीनला लावलाही होता.

काकांनी तो काढून घेतला. चिडले नाहीत. बशीरला म्हणाले, "मुंबई में पहला दिन ब्लड लेगा, बशीर. नहीं लिया तो वो हॉस्पिटल कैसा?" मग खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "उद्या गाडी मिळेल का बघ. रक्त द्यायला जाऊ."

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. डॉक्टरबाईंनी पाकीट फोडून कागद समोर ठेवला. काकांनी कागद स्वतःकडे वळवला, काविळीच्या ओळीवर बोट ठेवलं. मला म्हणाले, "पान नऊ."

नवव्या पानावर चाचणीत कोणाला घेता येणार नाही याची यादी होती. हा आकडा याच्या वर असेल तर नाही. तो वर होता. फार नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आपण नळी टाकून कावीळ उतरवायचा प्रयत्न करू, उतरली तर पुन्हा विचारू. आठवड्याने त्यांनी स्वतःच सांगितलं की कावीळ नळीने उतरण्यातली नाही. लिव्हरच भरून आलंय. मी विचारलं, महिन्यापूर्वी गेले असते तर? त्या म्हणाल्या, "घेतलं असतं. बरे झाले असते, असं मी म्हणत नाही." मी हे वाक्य काकांना भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांना तेवढं इंग्रजी येत होतं.

बशीर त्या दिवसापासून त्या सहा टाक्यांचं नाव काढू देईना. मॅनेजरने निरोप समारंभ करायचं म्हटलं, काकांनी नको म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी ते गेले. मुंबईला नाही थांबले, थेट हर्णैला. विमानतळावर मी गेले नाही. मुलगा तापाने आजारी होता, आणि खरं म्हणजे जायचं नव्हतं. पाऊस सरता सरता मंगलचं पत्र आलं, बाबा गेले म्हणून. अक्षर वडिलांसारखं, एकेक शब्द सुटा. शेवटी फार त्रास झाला, हेही तिने लिहिलं होतं. लपवलं नव्हतं.

मला ते दिसतात ते मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. गावच्या डॉक्टरसाठी पत्र आणि वेदनेच्या गोळ्या घ्यायला आम्ही गेलो होतो. मी औषधाच्या खिडकीवर रांगेत होते, चांगला पाऊण तास. परत आले तर काका बाकावर एका माणसाशेजारी बसलेले. सोलापूरकडचा शटरिंगचा गडी होता, अंगात कंपनीचा निळा डगला, पायात सिमेंट लागलेले बूट. त्यालाही आतड्याचंच, आणि डॉक्टरबाईंनी त्यालाही तीच बावीस पानं दिली होती. काकांच्या मांडीवर माझ्या अक्षरातली मराठी प्रत होती. ती त्यांनी बरोबर आणली होती, हे मला माहीतही नव्हतं.

"लागू पडतंय का न्हाई, तेवढं सांगा की मालक," तो माणूस म्हणत होता.

"सांगतो. आधी ऐक."

"माझा साहेब बाहीर थांबलाय. मला वाचाया येत न्हाई. तुमी वाचलंय न्हवं? बास झालं."

"मी वाचलं म्हणजे तू वाचलंस होत नाही. पान चार. तुला कधीही, कारण न सांगता, यातून बाहेर पडता येईल. कळलं? काय म्हणालो मी?"

"बाहीर पडता येतंय."

"कारण?"

"न्हाई सांगायचं."

"हां. पान पाच."

माझी कंपनीची गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न देऊन गेला होता. मी काकांना खूण केली. त्यांनी बघितलं आणि हातानेच, थांब, असं केलं. चेहरा पिवळा धमक, मनगटाची हाडं वर आलेली, शर्ट खांद्यावरून उतरत होता. शेजारच्या माणसाने डगल्याच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "सही कुठं मारायची तेवढं दावा."

काकांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं, स्वतःच्या खिशाला अडकवलं आणि पान उलटलं.